एवढ्यात नाशकात

घोडबंदर रोडवर माझ्या मेव्हण्यानं फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला नानांना सोबत न्यायची दुर्बुद्धी मला झाली. त्याला आता सात वर्षं होतील. मेव्हणा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

तसं नानांनी वावगं काही केलं नव्हतं. तीर्थ घेतलं, यजमानांना आशीर्वाद दिला, श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मग हात धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बघायला गेलो तर बेडरूममध्ये उकिडवे बसून टेपनं भिंत मोजत होते. टेपचं दुसरं टोक मेव्हण्याच्या सासऱ्यांच्या हातात होतं. बाहेर येऊन, पंगतीतल्या पन्नास माणसांदेखत नानांनी विचारलं, "केवढ्याला पडला?"

मेव्हण्यानं आकडा सांगितला. कर्ज ताजं होतं, त्यामुळे तो आकडा मोठ्यानं उच्चारायची त्याला स्वतःलाही अजून सवय झाली नव्हती.

"एवढ्यात नाशकात तीन बेडरूमचा आला असता," नाना म्हणाले. "वर पार्किंग. वर गच्ची." मग आवाज खाली आणून, डॉक्टरनं नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारावं तसं, "खाली भाजीवाली बसते का रे? कोथिंबिरीची जुडी काय भावानं देते?"

मेव्हण्याला माहीत नव्हतं.

"जुडीचा भाव न विचारता घर घेतलंस?"

मठ्ठा वाढणारा मुलगा जग धरून तसाच उभा राहिला. मेव्हण्याच्या बायकोनं नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यात कर्जाचे पुढचे दोनशे चाळीस हप्ते दिसत होते.

असे एक नाना तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतात, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. तुम्ही लग्नाचा हॉल ठरवा, कवळी बसवून घ्या, पितळी समई आणा, यांच्याकडे दुसऱ्या गावचा दर तयार. आमचे नाना फक्त जरा पुढच्या पायरीचे. त्यांच्याकडे वही आहे.

वही म्हणजे जुन्या दुकानात असायची तशी लांबट, लाल कापडी बांधणीची. एका गावाला समोरासमोरची दोन पानं. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स, वीज, घरपट्टी, दूध, गॅस, धुणं-भांडी, रिक्षाचं पहिलं मीटर, न्हावी असे रकाने आखलेले, आणि शेवटचा रकाना लाल शाईनं: "जुडी". चाळीस वर्षांत अशी एकतीस गावं नोंदली गेली आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, नागपूर, रत्नागिरी, पणजी, बडोदा, इंदूर, हुबळी. या प्रत्येक गावी नाना राहायला जाणार होते. राहिले कायम डोंबिवलीत, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात.

नाना टपाल खात्यातले. हिशेबाच्या विभागात होते, त्यामुळे आकड्यांची सवय. वर केंद्र सरकारनं घरभाडे भत्त्यासाठी देशातल्या शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग पाडलेले. मुंबई-पुणे एक्स, नाशिक-कोल्हापूर वाय, रत्नागिरी झेड. सातवा वेतन आयोग लागला तेव्हा भत्ता ठरला अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के. नाना तोवर निवृत्त झाले होते, पण या आकड्यांवर ते भाऊबंदकीचा दावा असल्यासारखे बोलायचे. "म्हणजे रत्नागिरीच्या पोस्टमास्तरनं मुंबईवाल्याच्या तिसऱ्या हिश्शात राहायचं? कौलं काय सरकार फुकट देतं?" आणि खाली बसल्यावर डोंबिवली न सोडण्याचं खरं कारण हळूच सांगायचे. भत्त्यासाठी कल्याण-डोंबिवली बृहन्मुंबईतच धरली जाते. "भत्ता मुंबईचा, खर्च डोंबिवलीचा. अरे, उभ्या हिंदुस्थानात अशी जागा नाही!"

नोकरीत त्यांना तीनदा बढती आली. तिन्ही वेळा बदलीसकट. टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, त्यामुळे एकदा पणजी आली होती. आम्ही पोरं तेव्हा खूश. फुकट गोवा बघायला मिळणार. नाना रजा काढून आठ दिवस पणजीला जाऊन आले आणि बढती नाकारली. कारण विचारलं तर म्हणाले, "भाजी सगळी बेळगावहून येते. घाट उतरून. जुडी परवडत नाही."

नानांच्या हाताखालून गेलेली माणसं पुढं त्यांचे साहेब झाली. बढतीनं दरमहा किती वाढले असते आणि जुडीनं किती कमी झाले असते याची वजाबाकी मी एकदा त्यांच्यासमोर मांडली. नानांनी ती तपासली. बरोबर आहे म्हणाले. आणि वही मिटली.

आता ही जुडीच का, हे तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं. दीड तास गेला. नानांचं म्हणणं असं, की घरभाड्यावरून गाव कळत नाही, भाडं माणसामाणसागणिक बदलतं. दुधाच्या पिशवीवर भाव छापलेला. तांदूळ साठवता येतो, कांदा चाळीत राहतो. कोथिंबीर मात्र सकाळी आली ती संध्याकाळी माना टाकते. म्हणजे ती रोज कुणीतरी पिकवलेली पाहिजे, रात्री टेम्पोत घातलेली पाहिजे, त्यात डिझेल आलं, हमाल आला. जी बाई ती विकते तिला बसायला फूटपाथ पाहिजे, त्या फूटपाथाचंही काहीतरी भाडं कुणीतरी घेतंच. तिच्यावर शिंपडायचं पाणी आलं. "एका जुडीत आख्खं गाव बांधलेलं असतं. वर सुतळी."

मी त्यांना सांगितलं, की लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट'नं १९८६ सालापासून बर्गरच्या किमतीवरून देशोदेशींची चलनं तोलायला सुरुवात केली आहे. नानांना आनंद झाला नाही. "बर्गर शिळा खपतो," एवढंच म्हणाले. सरकारच्या निर्देशांकाबद्दलही त्यांचं मत बरं नव्हतं. ज्याच्यावरून महागाई भत्ता ठरतो तो कामगारांचा निर्देशांक ८८ केंद्रांतल्या किमतींवरून काढतात. त्यात डोंबिवली नाही. नाना लेबर ब्युरोला पत्र लिहिणार होते. टपाल खात्यातला माणूस असूनही ते पत्र अजून पोस्टात पडलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कधी होत नसे. नाना रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन स्टेशनाजवळच्या मंडईत जायचे, चार भाजीवाल्यांना भाव विचारायचे, खिशातल्या चिटोऱ्यावर लिहायचे आणि परत यायचे. समोरच्या दारातून नानांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, "भाव आणलात. कोथिंबीर कुठाय?"

हे वाक्य मी इतक्या रविवारी ऐकलं आहे, की आमच्याकडे पोह्यांवर कोथिंबीर घातली की मला अपराधी वाटतं.

एकदा खरोखरच नाशिकला घर घ्यायचं माझ्या मनात आलं. नानांना दोन दिवस झोप नव्हती. कल्याणहून सकाळची तपोवन पकडली. कसाऱ्याच्या घाटात नानांनी वही उघडून मला नाशिकचं पान पाठ करायला लावलं. नाशिकरोडला उतरून रिक्षा केली, गंगापूर रोडला एक फ्लॅट बघायचा होता, दहा वाजता बिल्डरचा माणूस थांबणार होता. नाना रिक्षावाल्याला म्हणाले, "आधी मार्केट यार्डावरून घे."

तिथं जे झालं त्यातून नाना बरेच महिने सावरले नव्हते. नाशिक म्हणजे कोथिंबिरीचं माहेर. बाजार समितीत तिचा लिलाव शेकड्याच्या भावानं होतो, शंभर जुड्यांना इतके. नानांनी भाव ऐकला, शंभरानं भागलं, खूश झाले. मग त्यांनी जुडी पाहिली. ती जुडी म्हणजे तान्हं मूल घ्यावं तशी दोन्ही हातांनी घ्यावी लागत होती. मुळाला अजून ओली माती होती. नानांनी ती घेतली, खाली ठेवली, परत घेतली.

"ही एक जुडी?" त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"हीच जाती ना मुंबईले. तिकडं सोडून तिच्या चार करतात."

नाना एका गोणीवर बसले. चाळीस वर्षांच्या वहीतला लाल रकाना खोटा ठरला होता. नाशिकची जुडी आणि डोंबिवलीची जुडी यांचं नाव तेवढं एक. बिल्डरच्या माणसाचे मला तीन फोन आले. मी नानांना चहा पाजला, पाणी पाजलं. दुपारी कुठं ते बोलले, "म्हणजे इंदूरचंही चुकलं असणार." फ्लॅट पाहायचा राहून गेला तो गेलाच, आज त्या भागातले भाव ऐकले की नानांची कोथिंबीर मला केवढ्याला पडली ते कळतं.

यानंतर दुसरा माणूस वही रद्दीत घालता. नानांनी हातात धरायचा स्प्रिंगचा काटा विकत घेतला. आता भावाबरोबर वजन आलं. वजन आलं म्हटल्यावर मुळांसकट की मुळं खुडून, हा प्रश्न आला. मग कोरडी की पाणी मारलेली. पावसाळ्यातली की उन्हाळ्यातली. लाल रकान्याचे सहा उपरकाने झाले. मंडईतल्या एका म्हातारीनं शेवटी काटा हिसकावून घेतला. "घ्यायची नाय, तर मापता कशाला? पोर हाय का ती तुमची, वजन बगाया?"

त्यात पुन्हा नानांचा जुना वाद होता, फुकटच्या कोथिंबिरीचा. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको, की भाजी घेतल्यावर वर चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या फुकट पडत. मागाव्या लागत नसत. पिशवीचं तोंड जरा उघडं धरायचं. नानांच्या मते गावांचे खरे वर्ग दोनच, वर कोथिंबीर टाकणारी आणि न टाकणारी. एक्स-वाय-झेड सरकारनं आपल्याजवळ ठेवावं. डोंबिवली पहिल्या वर्गातून दुसऱ्यात कधी घसरली, याची त्यांच्या वहीत तारखेनिशी नोंद आहे.

नानांचा हा छंद घरापुरता असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्यांनी माणसं हलवली. आमच्या बिल्डिंगमधली तीन बिऱ्हाडं नानांच्या वहीवर विसंबून गाव सोडून गेली.

पहिलं पुण्याला. नानांनी मांडून दिलं, की डोंबिवलीतला वन बीएचके विकून पुण्याच्या कडेला टू बीएचके येतो आणि वर पैसे उरतात. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते, हे जन्मानं पुणेकर असलेल्या माणसांना नानांकडून कळलेलं मी पाहिलं आहे. सगळं बरोबर होतं. पहिल्या एप्रिलात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि मेंटेनन्सच्या पावतीला खाली एक नवी ओळ जोडली गेली. लोकलचा पास सुटला तर प्रत्येकाला एकेक स्कूटर घ्यावी लागली. त्यांचा फोन आला तेव्हा नाना म्हणाले, "पाणी मी धरलं होतं. टँकर धरला नव्हता."

दुसरे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कोकणातल्या मूळ गावी. गुंठ्याचे चौरस फूट १०८९, एवढ्या पैशात इतके गुंठे, चिऱ्याचं घर, पुढं पडवी. नानांनी जुडीच्या रकान्यात तिथं शून्य लिहिलं होतं, कारण परसात येईल. परसातलं सगळं माकडांनी नेलं. पावसाळ्यात घाटावरून येणाऱ्या कोथिंबिरीचा भाव ऐकून त्यांच्या बायकोनं नारळावर भागवलं. पण खरी पंचाईत रात्री छातीत कळ आली तेव्हा झाली. दवाखाना किती लांब, हा रकाना वहीत नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ते परत आले, डोंबिवलीतच, भाड्यानं.

तिसरं बिऱ्हाड गेलं नागपूरला. ते सुखात आहे आणि नानांच्या बोलण्यात नेहमी त्याचंच नाव येतं.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. पुण्याचं बिऱ्हाड दर दिवाळीला नानांना फराळ पाठवतं. कोकणातून परत आलेले गृहस्थ रोज संध्याकाळी नानांबरोबरच फिरायला जातात. एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, तुम्हाला राग नाही का येत? तर ते म्हणाले, "हिशेब चुकला हो. पण सामान हलवलं त्या दिवशी रात्रभर टेम्पोत देव मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

हे मला माहीत नव्हतं. मग एकेकाकडून कळत गेलं. नाना प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर टेम्पोत पुढं बसून गेले होते. देवांचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. तिकडं पोचल्यावर गॅसचं कनेक्शन नावावर करणं, रेशनकार्डाचा पत्ता, वीजमीटरवरचं नाव, बँकेची केवायसी ही सगळी कामं रांगेत उभं राहून त्यांनी केली होती. पुण्यात नळाला पाणी कधी येतं ते कळेपर्यंत चार दिवस राहिले होते, बादल्या भरत. परतीचं तिकीट स्वतःच्या खिशातून. काकूंना सांगून जायचे, "भाव बघून येतो."

मला हे कळलं याचा मला थोडा रागच आला. इतकी वर्षं ज्या माणसावर हसायचं ठरवलेलं असतं त्याच्याबद्दल असं काही कळलं की आपली गैरसोय होते.

वहीत आणखी एक रकाना नव्हता, जिने. आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आमच्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या. हा आकडा नानांना काकूंच्या गुडघ्यांमुळे कळला. काकू आधी दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या, मग प्रत्येक मजल्यावर, मग खाली उतरणंच बंद झालं. वरून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या आणि भाजीवाल्याशी वरूनच बोलायच्या. नानांना मंडईतून रिकाम्या हातानं यायला आता तोंड नव्हतं. ते जुडी घेऊन येऊ लागले. काकू ती हातात घेऊन वजन करायच्या आणि म्हणायच्या, "भाव काय?" नाना सांगायचे. "फसलात."

गेल्या वर्षी सोसायटी पुनर्विकासाला गेली. सभा किती झाल्या, त्यात कोण कोणावर धावून गेलं, ते दुसऱ्या लेखाचं साहित्य आहे. सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९ (अ) खालच्या सूचनांप्रमाणे निम्म्याहून जास्त, ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती झाली. बिल्डर भाडं देणार, दलाली देणार, सामान हलवायचा खर्च देणार. कागदावर झकास. पण एकाच महिन्यात एकाच बिल्डिंगची सगळी बिऱ्हाडं त्याच चार गल्ल्यांत घर शोधू लागली की काय होतं, हे आमच्यापैकी कुणी धरलं नव्हतं. दलालांनी धरलं होतं. बिल्डरचं भाडं आणि खरं भाडं यांत जो फरक पडला तो आज मी दरमहा खिशातून भरतो, अकरा महिन्यांच्या करारावर, मागच्या गल्लीत.

चाळीस वर्षं ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस नानांच्या दाराशी येऊन उभा होता. एकतीस गावं तयार, वही तयार. आणि नाना गप्प. विषय काढला की म्हणायचे, "बघू."

शेवटी मुलगा आला. मुलगा बंगळूरला आहे, पंधरा वर्षं. बंगळूरचं पान नानांनी फार पूर्वी एका ओळीत मिटवलं होतं. मुलानं तिथं पहिल्यांदा भाड्यानं घर घेतलं तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे घरमालकानं दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं. तीस हजार भाड्याला तीन लाख. नानांनी त्या तीन लाखांवरचं बुडणारं व्याज काढलं, सात टक्क्यांनी वर्षाला एकवीस हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये हे न दिसणारं भाडं. "चोरांचं गाव" असा शेरा मारून त्यांनी पान दुमडून ठेवलं होतं. जुडीचा रकाना कोरा.

आता मुलाचं स्वतःचं घर होतं. नवव्या मजल्यावर, तीन लिफ्ट. तो दोघांना पंधरा दिवसांसाठी घेऊन गेला. नाना परत आले ते थेट माझ्या भाड्याच्या घरी. वही टेबलावर ठेवली. दुमडलेलं पान सरळ केलं होतं.

"भाडं शून्य," ते म्हणाले. "डिपॉझिट शून्य. मेंटेनन्स तो भरतो. जिने शून्य." त्यांनी नवा रकाना आखला होता.

"आणि जुडी?" मी विचारलं.

नानांनी चष्मा काढून पुसला. "भाजीवाली बसत नाही. सून मोबाइलवर मागवते. पहिल्या दिवशी भाजीची पिशवी आली, बरोबर कोथिंबीर. प्लॅस्टिकच्या पाकिटात, शंभर ग्रॅम. मी पावती मागितली. तिनं मोबाइल दाखवला. कोथिंबिरीपुढं काय होतं सांग?"

मला ते ठाऊक होतं. २०२४ साली मुंबईतल्या एका आईला मोबाइलवरून मागवलेल्या भाजीबरोबर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडलेले पाहून धक्का बसला, मुलानं ते जाहीर लिहिलं, आणि त्या कंपनीनं भाजीवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. नानांना मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण दीड तास गेला असता.

"शून्य," नाना म्हणाले. "शंभर ग्रॅम. मुळं खुडून, कोरडी. वर टाकलेली, न मागता." लाल रकान्यात त्यांनी ते शून्य काढलंही होतं, नीट, गोल. "माझ्याच वहीनं बंगळूर पहिलं आलं रे. एकतीस गावांत."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काकू काय म्हणाल्या?"

"ती हसली. म्हणाली, कोथिंबीर आली, भाव कुठाय?"

जाताना ते दारात घुटमळले. एखादी चूक सापडते का म्हणून मी पान वरपासून खालपर्यंत पाहावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी पाहिलंही. न्हावी महाग होता, आणि तिथला रिक्षावाला मीटरनं येत नाही असं लिहिलं होतं. बाकी बेरीज बरोबर होती.

नानांचं सामान गेलं त्या दिवशी टेम्पोत पुढं बसायला कुणी नव्हतं. काकूंना घेऊन नाना विमानानं जाणार होते. मला वाटलं होतं कोकणवाले गृहस्थ जातील, पण त्यांना डॉक्टरांनी प्रवास मना केला होता. तेव्हा देवांचा डबा मांडीवर घेऊन डोंबिवली ते बंगळूर मी गेलो. रस्त्यात कोल्हापूरला चहाला थांबलो तर शेजारी भाजीची गाडी होती. भाव विचारून मी नानांना फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "मुळांसकट की खुडून?"

आता दर रविवारी सकाळी नऊ वाजता फोन येतो. तब्येत, पाऊस, बिल्डरनं पाया कुठवर आणला, हे सगळं नंतर, आधी जुडी. मी मंडईत जाऊन आलेलो असतो. मागच्या रविवारी वीसला होती, मुळांसकट, पाणी मारलेली, साधारण दीडशे ग्रॅम. तसं कळवलं. घ्यायची मात्र राहून गेली, आणि घरी बायको पोहे घेऊन थांबली होती.